एक आकडा, अनेक नय : पुंजयामिकीतील मापन आणि अनेकांतदृष्टी

रत्नागिरीच्या हापूस आंब्याला एक जुने दुखणे आहे. फळ बाहेरून निर्दोष दिसते, रंग सोनेरी असतो, घमघमाट पेटीबाहेर येतो. आणि सुरी चालवल्यावर आतला गर पांढरट, पोकळ, आंबूस निघतो. बागायतदार त्याला 'साका' म्हणतात. साका आहे की नाही, हे फळ कापल्याशिवाय सहसा कळत नाही. म्हणून व्यापारी अंदाजाने बोलतो : या पेटीत एखाद्या फळात साका निघू शकेल. हा अंदाज म्हणजे त्याच्या अज्ञानाचे माप आहे. फळापुरते पाहिले तर सुरी लागण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो; सुरी तो निकाल केवळ उघड करते.

मोजमापाविषयीची सर्वसामान्य माणसाची कल्पना हीच आहे. तराजूवर ठेवण्यापूर्वी सोन्याला वजन असते, मिरकरवाड्याच्या धक्क्याजवळ काठी बुडवण्यापूर्वी पाण्याला खोली असते. मापनाने माणसाचे ज्ञान बदलते, वस्तू बदलत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अणूंचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना मात्र ही साधी कल्पना सोडून द्यावी लागली. तिच्या जागी काय ठेवायचे, याविषयी शंभर वर्षांनंतरही एकमत झालेले नाही. क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजेच पुंजयामिकी, हे शास्त्र अनेक मांडण्यांमध्ये सांगितले जाते. प्रत्येक मांडणीत मापनाचे वर्णन वेगळे आहे; आणि तरी जवळपास सर्व मांडण्या प्रयोगासाठी एकच आकडा देतात. 'नय' या शब्दाशी परिचय असलेल्या जैन वाचकाला ही स्थिती ओळखीची वाटेल. ती ओळख कोठपर्यंत खरी आहे आणि कोठे फसवी आहे, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

चांदीचा अणू आणि रत्नागिरीचा अक्षांश

१९२२ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे ओटो स्टर्न आणि वाल्थर गेर्लाख यांनी चांदी तापवून तिच्या अणूंचा बारीक झोत एका विशिष्ट आकाराच्या चुंबकामधून सोडला. प्रत्येक अणू हा जणू एक सूक्ष्म लोहचुंबक असतो. हे लोहचुंबक हव्या त्या दिशेला कललेले असतील, तर पलीकडच्या काचेवर चांदीचा एक सलग पट्टा उमटायला हवा होता. प्रत्यक्षात झोत दुभंगला. अणू एक तर वर वळले किंवा खाली. मधला मार्ग कोणीच धरला नाही. अणूच्या या गुणाला 'स्पिन' म्हणतात, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाला 'वर' किंवा 'खाली' एवढी दोनच उत्तरे मिळतात.

आता एक पृथ्वीगोल डोळ्यांसमोर आणावा. स्पिनची प्रत्येक शक्य अवस्था म्हणजे या गोलाच्या पृष्ठभागावरचा एक बिंदू. उत्तर ध्रुव म्हणजे 'निश्चित वर', दक्षिण ध्रुव म्हणजे 'निश्चित खाली'. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे उत्तर ध्रुवापासून ७३ अंश दूर. पहिला चुंबक ७३ अंशांनी कलवून त्यातून एकाच बाजूचे अणू निवडून घेतले, तर ते सारे अणू 'रत्नागिरीच्या अवस्थेत' आहेत असे म्हणता येईल. हे अणू दुसऱ्या, सरळ उभ्या चुंबकातून सोडले तर काय होईल?

पुंजयामिकीचे उत्तर असे : सुमारे ६५ टक्के अणू वर जातील, ३५ टक्के खाली. हजार अणू सोडले तर साधारण ६४६ आणि ३५४. कोणता अणू कोठे जाईल हे सांगता येत नाही. वर गेलेल्या अणूंना पुन्हा तोच उभ्या चुंबकाचा प्रश्न विचारला, तर शंभर टक्के अणू पुन्हा वरच जातात. म्हणजे मापनानंतर बिंदू रत्नागिरीहून उठून उत्तर ध्रुवावर जाऊन बसलेला असतो. याच अणूंना पुन्हा पहिल्या, कललेल्या चुंबकातून सोडले तर? अगोदर त्या चाचणीत सारेच उत्तीर्ण होते. आता ६५ टक्केच उत्तीर्ण होतात. मधल्या मापनाने त्यांचा पूर्वीचा गुण हिरावून घेतला आहे. आंब्याची साल पाहिल्यामुळे गरातला साका बदलतो असे कधी घडत नाही. येथे मात्र तसेच काही तरी घडते.

एकाच आकड्याच्या अनेक कथा

६५ हा आकडा कोठून येतो, याचे उत्तर प्रत्येक मांडणी आपापल्या भाषेत देते.

पहिली कथा पाठ्यपुस्तकांची. व्हेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२५ मध्ये आणि एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये दिलेल्या मांडण्या दिसायला भिन्न, पण गणिताने समान ठरल्या. माक्स बोर्न यांनी १९२६ मध्येच सांगितले की, श्रोडिंगर यांच्या तरंगातील आकड्यांचे वर्ग करावेत, म्हणजे शक्यता मिळते. जॉन फॉन नॉयमान यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात या साऱ्याला काटेकोर रूप दिले. त्यांच्या मते अवस्था दोन प्रकारे बदलते. कोणी मापन करत नसेल तेव्हा ती संथपणे, निश्चित नियमाने बदलते; मापन होताच ती उडी घेऊन एखाद्या उत्तरावर कोसळते. या कोसळण्याला 'पतन' म्हणावे. पण मापन नेमके कशाला म्हणायचे? चुंबक, काच, डोळा हे सारे अणूंचेच बनलेले असताना पहिला नियम कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो? ही रेघ फॉन नॉयमान यांच्या गणितात हवी तेथे ओढता येते, आणि आकडा बदलत नाही. सोय म्हणून हे उत्तम आहे. स्पष्टीकरण म्हणून अपुरे आहे.

दुसरी कथा नील्स बोर यांची. १९२७ साली इटलीतील कोमो येथे त्यांनी 'पूरकता' हे तत्त्व मांडले. त्यांचा आग्रह असा की, अणू आणि त्याला प्रश्न विचारणारे उपकरण यांचा विचार एकत्रच करावा. उभा चुंबक आणि आडवा चुंबक ही दोन वेगळी प्रश्नचिन्हे आहेत. दोन्ही एकाच वेळी मांडता येत नाहीत, म्हणून दोन्ही उत्तरे एकाच वाक्यात सांगण्यालाही अर्थ नाही. उपकरणाचा उल्लेख न करता 'अणूची स्पिन अमुक आहे' असे म्हणणे हे अर्धवट वाक्य आहे.

तिसरी कथा रिचर्ड फाइनमन यांनी १९४८ मध्ये सांगितली. त्यांच्या मांडणीत एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी जाण्याच्या प्रत्येक शक्य मार्गाला एक आकडा द्यायचा, सर्व आकड्यांची बेरीज करायची आणि शेवटी वर्ग करायचा. मापनाचे मर्म येथे एका नियमात येते : कण कोणत्या मार्गाने गेला याची खूण जगात कोठेही उरत नसेल, तर आधी बेरीज आणि मग वर्ग, खूण उरत असेल, तर आधी वर्ग आणि मग बेरीज. ती खूण कोणी वाचली की नाही याला महत्त्व नाही, ती उमटली हे पुरेसे आहे.

चौथी कथा लुई द ब्रॉय यांनी सुरू केली आणि डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये पूर्ण केली. तिच्यात कणाला प्रत्येक क्षणी निश्चित स्थान असते आणि तरंग त्याला वाट दाखवतो. रत्नागिरीच्या अवस्थेतील अणूंच्या झोतात वरच्या भागात असलेले ६५ टक्के अणू वर जातात, खालचे ३५ टक्के खाली. येथे पतन नाही, उडी नाही. परंतु एक विलक्षण गोष्ट आहे. चुंबकाची रचना उलटी केली, तर झोताच्या अगदी वरच्या कडेचा तोच अणू दोन्ही वेळा वरच जातो. मात्र पहिल्या रचनेत त्याचा अर्थ 'वरची स्पिन' असा होतो आणि दुसऱ्या रचनेत 'खालची स्पिन' असा. म्हणजे बोम यांच्या वास्तववादी जगातही स्पिन हा अणूने खिशात बाळगलेला गुण नाही. तो अणू आणि उपकरण यांच्या भेटीतून साकार होतो. या मांडणीत स्थानाला मिळालेला विशेष मान मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंग यांना खटकला. १९९५ मध्ये त्यांनी स्थान आणि संवेग या दोहोंना समान वागणूक देणारी कार्यकारणबद्ध मांडणी प्रसिद्ध केली.

पाचवी कथा ह्यू एव्हरेट यांची, १९५७ सालची. ती सांगते की पतन कधी होतच नाही. अणूबरोबर उपकरण आणि पाहणाराही दोन शाखांमध्ये विभागला जातो. एका शाखेत 'वर' दिसते, दुसरीत 'खाली'. ६५ आणि ३५ हे त्या शाखांचे भार आहेत. पतनाची अडचण गेली, पण 'दोन्ही घडते तर शक्यता कशाची?' हा नवा प्रश्न उभा राहिला.

शिरपूरहून निघालेली भूमिती

वर वापरलेला पृथ्वीगोल हे केवळ सोयीचे चित्र नाही. पुंजयामिकीच्या एका संपूर्ण मांडणीचे ते सर्वांत साधे उदाहरण आहे, आणि त्या मांडणीशी एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. १९४९ साली खानदेशातील शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर हे गुरुत्वाकर्षणाच्या पुंजसिद्धान्तातील कार्यासाठी जगभर ओळखले जातात. आइन्स्टाइन यांचा सापेक्षतासिद्धान्त नव्या चलांमध्ये मांडण्याचे त्यांचे १९८६ मधील काम त्या क्षेत्राचा पाया ठरले. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात असताना त्यांनी ट्रॉय शिलिंग यांच्यासह १९९० च्या दशकात पुंजयामिकीची भूमितीय मांडणी सविस्तर लिहिली.

या मांडणीत अवस्थांचे जग हा एक वक्र पृष्ठभाग आहे. त्याच्यावर दोन रचना नांदतात. पहिली रचना अवस्था काळाबरोबर कशी सरकेल ते ठरवते. अशी रचना न्यूटनच्या जुन्या यामिकीतही असते. दुसरी रचना म्हणजे अंतर. दोन अवस्था एकमेकींपासून किती दूर आहेत हे ती सांगते. आणि जुन्या यामिकीत हिला जागाच नव्हती. पुंजयामिकीचे जे काही वेगळेपण आहे, म्हणजे शक्यता, अनिश्चितता आणि मापन, ते सारे या अंतरात साठवलेले आहे. रत्नागिरी उत्तर ध्रुवापासून ७३ अंशांवर आहे, एवढ्या एका गोष्टीवरून ६५ टक्के हा आकडा निघतो. अंतर कमी तर शक्यता अधिक. विषुववृत्तावर ती निम्मी होते, दक्षिण ध्रुवावर शून्य.

मोजायची राशी म्हणजे या पृष्ठभागावरचे चढउतार. 'वर की खाली' या प्रश्नाचा उंचवटा उत्तर ध्रुवावर सर्वाधिक, दक्षिण ध्रुवावर सर्वांत कमी. एखाद्या ठिकाणी उतार जितका तीव्र, तितकी तेथील उत्तराची अनिश्चितता मोठी. ध्रुवांवर उतार शून्य असतो, म्हणून तेथे उत्तर निश्चित. मापन म्हणजे बिंदूने उतारावरचे स्थान सोडून सपाट जागी पोहोचणे.

आकडे तेच येत असतील, तर एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? प्रयोजन पुढच्या वाटेसाठी आहे. नेहमीच्या मांडणीत अवस्थांची सरळ बेरीज करता येणे हे मूलतत्त्व मानले जाते. भूमितीय मांडणीत दिसते की, मापनाचे बरेचसे वर्णन त्या सरळपणावाचूनही करता येते. सपाट अवकाशाची कल्पना सैल केल्यावरच आइन्स्टाइन यांना गुरुत्वाकर्षण समजले. तसेच येथेही काही सैल करावे लागेल काय, हा प्रश्न विचारण्याची भाषा ही मांडणी पुरवते. समान आकडे देणाऱ्या दोन दृष्टींपैकी एक दृष्टी अधिक दूरचे दाखवू शकते, ते असे.

कुलाब्यातील संथ मापन

मापन म्हणजे एका क्षणातली उडी, ही समजूतही आता प्रयोगशाळेत सैल झाली आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेमध्ये राजमणी विजयराघवन यांची क्वांटम मापन आणि नियंत्रण प्रयोगशाळा आहे. तेथे अणूऐवजी अतिसंवाहक धातूची सूक्ष्म मंडले वापरली जातात. निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही शतांश भागाइतक्या थंडीत ती अणूसारखी वागतात, आणि त्यांची अवस्थाही गोलावरचा बिंदूच असते. त्यांना प्रश्न विचारण्यासाठी अत्यंत क्षीण सूक्ष्मलहरी पाठवल्या जातात. लहर जितकी क्षीण, तितके उत्तर अस्फुट आणि अवस्थेला बसणारा धक्काही तितकाच लहान. अशी अस्फुट उत्तरे सलग नोंदवत गेले, तर बिंदू एकदम ध्रुवावर उडत नाही. वाऱ्यात सापडलेल्या होडीसारखा हेलकावे घेत एखाद्या ध्रुवाकडे जातो. अमेरिकेतील बर्कली येथे विजयराघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले : हेलकावा नोंदवून लगेच उलट दिशेने हलका धक्का देत त्यांनी अवस्था ताळ्यावर ठेवली.

ज्ञान जितके मिळाले तितकीच अवस्था ढळली, हा हिशेब येथे पैपैने जुळतो. या हिशेबावर आता मोठी कामे उभी राहत आहेत. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मान्यता दिली. तिच्या चार केंद्रांपैकी सूक्ष्म संवेदन आणि मापनशास्त्राचे केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईकडे आहे. २०२४ मध्ये टाटा संस्था आणि संरक्षण संशोधन संघटनेची पुण्यातील प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या संगणकीय यंत्राची चाचणी पूर्ण केली. मापनाचा प्रश्न आता केवळ तत्त्वज्ञांचा राहिलेला नाही; महाराष्ट्रातल्या अभियंत्यांच्या टेबलावर तो रोज येतो.

स्याद्वादाकडे वळलेले शास्त्रज्ञ

जैन दर्शनाशी या विषयाची तुलना करणारे लोक हौशी नव्हते. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये सांख्यिकीच्या पायाविषयी लिहिताना सप्तभंगीचा विचार केला. नाणे उडवण्यापूर्वीच्या स्थितीचे वर्णन करायला 'अवक्तव्य' हा भंग उपयोगी पडतो असे त्यांना दिसले. १९५७ मध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्याद्वादाची विधानपद्धती ज्ञानेंद्रियांच्या प्रयोगांना लावून पाहिली. आणि उदयपूर येथे १९०६ साली जन्मलेले, जैन संस्कारांत वाढलेले भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांनी १९८५ मध्ये नील्स बोर यांच्या जन्मशताब्दीच्या ग्रंथात पूरकतेचे तत्त्व आणि पौर्वात्य तत्त्वज्ञान यांवर निबंध लिहून स्याद्वाद जागतिक वाचकांपुढे ठेवला. १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाचे अध्यक्ष म्हणून देश त्यांना ओळखतो. पण हा निबंधही त्यांच्या कार्याचा महत्त्वाचा भाग आहे.

साम्य खरोखर कोठे आहे? 'स्यात्' या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा नाही, हे आचार्यांनी वारंवार सांगितले आहे. त्याचा अर्थ 'अमुक अपेक्षेने'. द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांची अपेक्षा सांगितल्याशिवाय विधान पूर्ण होत नाही. बोर यांचा आग्रह नेमका असाच आहे : उपकरणाची अपेक्षा सांगा, मग उत्तर सांगा. 'उभ्या चुंबकाच्या अपेक्षेने हा अणू वर आहे' हे पूर्ण वाक्य आहे. 'हा अणू वर आहे' हे अपूर्ण आहे. अस्ति आणि नास्ति दोन्ही युगपत्, म्हणजे एकाच वेळी, एकाच शब्दात सांगायचे झाल्यास वाणी थांबते. तो अवक्तव्य भंग. रत्नागिरीच्या अवस्थेतील अणूविषयी 'वर' म्हणणेही अपुरे आणि 'खाली' म्हणणेही अपुरे, याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

मांडण्यांच्या बाबतीत नयांचा विचार अधिकच उपयोगी पडतो. आचार्य हेमचंद्रांनी आणि त्यांच्यावर टीका लिहिणाऱ्या मल्लिषेणांनी तीन प्रकारच्या बोलण्यात भेद केला. 'असेच आहे' म्हणून इतर साऱ्यांना नाकारणे हा दुर्नय. इतरांना न नाकारता आपल्या अंगाने 'असे आहे' म्हणणे हा नय. आणि अपेक्षा स्पष्ट करून 'कथंचित असे आहे' म्हणणे हे प्रमाण. फाइनमन यांची बेरीज, श्रोडिंगर यांचा तरंग, अष्टेकर यांची भूमिती हे एका अर्थाने नय आहेत. त्यांपैकी एकाला धरून बाकीच्यांना अडाणी ठरवणारा विद्यार्थी दुर्नयात सापडतो.

तुलना जेथे थांबते

मात्र एवढ्यावरून 'आमच्या ग्रंथांत पुंजयामिकी अगोदरच होती' असे व्याख्यानात सांगणे हा आचार्यांचा गौरव नव्हे. त्यांनी अपेक्षा सांगण्याची शिस्त दिली. ६५ हा आकडा दिला नाही, द्यायचा त्यांचा हेतूही नव्हता. तो आकडा चांदीचे अणू मोजून आणि गणित करून मिळाला.

याहून खोल भेद वास्तवाविषयीचा आहे. जैन दर्शन वास्तववादी आहे. वस्तू अनंतधर्मात्मक आहे. ते धर्म वस्तूत आहेत, पाहणाऱ्याने निर्माण केलेले नाहीत. छद्मस्थ जीवाला त्यांतले थोडे दिसतात, केवलज्ञानात सारे एकाच वेळी प्रकट असतात. या दृष्टीने पाहिले तर माणसाची अडचण साक्याच्या आंब्यासारखी आहे : गुण आत आहे, दिसत मात्र नाही. पुंजयामिकीत हा मार्ग सरळ राहत नाही. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी सिद्ध केले की, दूर गेलेल्या दोन जोडीदार कणांनी साऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच ठरवून ठेवलेली असतील आणि एका जागचे मापन दुसऱ्या जागी परिणाम करत नसेल, तर त्यांच्या उत्तरांतील मेळ एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. निसर्गात ती मर्यादा ओलांडली जाते, हे प्रयोगांनी दाखवले. आलँ आस्पे, जॉन क्लॉउझर आणि आंटोन त्सायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक याच वाटेवरील कामासाठी मिळाले.

तेव्हा 'सर्व धर्म वस्तूत आधीपासून आहेत' असे म्हणायचे असेल, तर बोम यांच्याप्रमाणे दूरवरचा परिणाम मान्य करावा लागतो, आणि स्पिनसारखा गुण उपकरणाच्या अपेक्षेनेच प्रकट होतो हेही मान्य करावे लागते. जैन विचारकाला येथे खरे काम आहे. सापेक्षता केवळ कथनात आहे, की वस्तूच्या धर्मातही आहे? हा प्रश्न टाळून केलेली तुलना गोड असते, पण पोकळ राहते.

अनेकांत म्हणजे अनिर्णय नव्हे

दुसरा गैरसमज उलट दिशेचा आहे. अनेक मांडण्या आहेत, म्हणून साऱ्याच सारख्या खऱ्या, निवड करण्याची गरज नाही, असा अर्थ अनेकांतातून काढला जातो. विज्ञानाचा अनुभव तसा नाही. मापनाच्या काही कथा आकड्यांतही वेगळ्या आहेत. जियानकार्लो गिरार्दी, आल्बेर्तो रिमिनी आणि तुल्लिओ वेबर यांनी १९८६ मध्ये सुचवले की, पतन ही खरी भौतिक घटना आहे. एकट्या कणाच्या बाबतीत ती अत्यंत क्वचित घडते, पण असंख्य कणांच्या मोठ्या वस्तूत जवळजवळ तत्काळ. हे खरे असेल, तर पुरेशा मोठ्या वस्तूंच्या प्रयोगात नेहमीच्या पुंजयामिकीचा आकडा चुकायला हवा. म्हणून व्हिएन्नातील संशोधकांनी २०१९ मध्ये हायड्रोजनच्या अणूपेक्षा पंचवीस हजार पटींहून जड रेणूंना तरंगासारखे वागताना पकडले. आकडा चुकला नाही. २०२० मध्ये इटलीतील ग्रान सास्सो पर्वताखालच्या प्रयोगशाळेत गुरुत्वाकर्षणाने पतन होते या कल्पनेचे सर्वांत साधे रूप तपासले गेले, आणि ते टिकले नाही. अधिक सूक्ष्म रूपे अजून तपासायची आहेत.

म्हणजे येथे दोन वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. जेथे दोन मांडण्या प्रत्येक प्रयोगासाठी एकच आकडा देतात, तेथे कोणतीही एक 'च' लावून सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. जेथे आकडे वेगळे आहेत, तेथे प्रयोगाने निवाडा करावा आणि हरलेली बाजू सोडून द्यावी. अपेक्षा सांगून केलेले विधानही त्या अपेक्षेने खोटे ठरू शकते. आणि खोटे ठरू शकते म्हणूनच ते विधान आहे.

पाठशाळेत अनेकांत शिकणारे आणि महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणारे मूल आज पुष्कळदा एकाच घरात असते. घरातले वडीलधारे त्याला अभिमानाने सांगतात की, हे सारे आपल्याकडे होतेच. त्याने वर्गात तसे म्हटले तर एखादा चौकस मित्र दोन प्रश्न विचारील, आणि त्याला उत्तरे सुचणार नाहीत. मग ग्रंथांवरचा आणि विज्ञानावरचा, दोन्हींवरचा त्याचा विश्वास डळमळेल. त्यापेक्षा त्याला खरा वारसा द्यावा : बोलण्यापूर्वी अपेक्षा सांगण्याची सवय, दुसऱ्याची मांडणी त्याच्या भाषेत समजून घेण्याची उदारता, आणि पुरावा आल्यावर आपले मत बदलण्याची तयारी. रत्नागिरीच्या अक्षांशावरून ६५ टक्के हा आकडा ज्याने स्वतः काढला आणि त्याच्या पाच-सहा कथा ज्याने न रागावता ऐकल्या, त्याला 'स्यात्' या शब्दाचे मोल वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.